दूरच्या दीर्घिकांचा नकाशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशाचे इतके फोटो उपलब्ध असताना वेगळा नकाशा कशाला हवा?

फोटोवरून दीर्घिकेची दिशा कळते, अंतर कळत नाही. एकमेकींना खेटून दिसणाऱ्या दोन दीर्घिकांपैकी एक ५० कोटी प्रकाशवर्षांवर आणि दुसरी ५०० कोटी प्रकाशवर्षांवर असू शकते. त्रिमितीय नकाशात प्रत्येक दीर्घिकेसाठी तीन आकडे लागतात: विषुवांश आणि क्रांती (आकाशावरचे जणू रेखांश आणि अक्षांश), आणि रेडशिफ्ट किंवा ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाच्या तरंगलांबीत होणारी वाढ. पहिले दोन फोटोतून एका विकलेपेक्षाही (अंशाच्या ३,६०० व्या भागापेक्षाही) बारीक अचूकतेने मिळतात. सगळा खटाटोप तिसऱ्यासाठी असतो.

याशिवाय आणखी एक गोष्ट लागते आणि तिच्याकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात: आकाशाचा कोणता भाग पाहिला, किती खोलवर पाहिला आणि कुठे पाहताच आले नाही, याची काटेकोर नोंद. ही नोंद नसेल तर कोट्यवधी दीर्घिकांची यादीसुद्धा विश्वाबद्दल फारसे काही सांगू शकत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

रेडशिफ्ट प्रत्यक्षात कशी मोजतात?

दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट घेतात आणि त्यातल्या ओळखीच्या रेषा शोधतात. हायड्रोजनची एच-अल्फा रेषा निर्वात अवकाशात ६५६.५ नॅनोमीटरवर असते. तीच रेषा ७२२.१ नॅनोमीटरवर सापडली, तर फरक ६५.६ नॅनोमीटर. त्याला मूळ तरंगलांबीने भागले की ०.१ येते, ही झाली त्या दीर्घिकेची रेडशिफ्ट.

मात्र एका रेषेवर विसंबून राहता येत नाही. एकटी रेषा एच-अल्फा आहे की ऑक्सिजनची आहे, हे नुसते पाहून ठरत नाही आणि चुकीची ओळख म्हणजे पूर्णपणे चुकीचे अंतर. त्यासाठी रेषांची जुळणी पाहतात. तरुण, तारे घडवणाऱ्या दीर्घिकांत आयनीभूत ऑक्सिजनची ३७२.७ आणि ३७३.० नॅनोमीटरवरची जोडी मिळते. वर्णपटमापकाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, पुरेशी असेल तर ही जोडी दोन शिखरांची दिसते आणि मग ती एकटी असली तरी ओळखता येते. वयस्क, लालसर दीर्घिकांत कॅल्शियमच्या ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरजवळच्या दोन शोषणरेषा आणि ४०० नॅनोमीटरजवळ प्रकाशात होणारी एकदम घट उपयोगी पडते.

लाखो वर्णपट डोळ्यांनी तपासणे शक्य नसते. संगणक नमुना-वर्णपट घेऊन प्रत्येक संभाव्य रेडशिफ्टला तो जुळवून पाहतो आणि सर्वांत चांगली जुळणी निवडतो. तिच्याइतकेच महत्त्व दुसऱ्या क्रमांकाच्या जुळणीला असते. दोन्हींत फरक थोडा असेल तर त्या नोंदीवर इशाऱ्याची खूण लावतात. ही खूण न पाहता डेटा वापरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

रेडशिफ्टवरून अंतर कसे काढायचे?

०.१ पर्यंतच्या रेडशिफ्टसाठी सोपा हिशेब चालतो: प्रकाशाचा वेग गुणिले रेडशिफ्ट, भागिले हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर). ३ लाख किलोमीटर प्रतिसेकंद गुणिले ०.१ भागिले ७० केल्यास सुमारे ४२८ मेगापार्सेक, म्हणजे साधारण १४० कोटी प्रकाशवर्षे येतात.

त्यापुढे हे सूत्र फसवते, कारण प्रकाश वाटेत असताना प्रसरणाचा वेग बदलत गेलेला असतो. तिथे पदार्थ आणि कृष्ण ऊर्जा (प्रसरणाला वेग देणारी अज्ञात ऊर्जा) यांचे प्रमाण गृहीत धरून संकलन (इंटिग्रेशन) करावे लागते. रेडशिफ्ट १ असलेल्या दीर्घिकेचा प्रकाश सुमारे ७९० कोटी वर्षे प्रवास करून येतो, पण विश्व दरम्यान पसरल्यामुळे ती दीर्घिका आज सुमारे १,१०० कोटी प्रकाशवर्षांवर असते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, त्यांचे अर्थ वेगळे आहेत. बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ सतत होते, म्हणून एखादे अंतर वाचताना ते कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी पाहावे.

एका रात्रीत हजारो दीर्घिकांचे वर्णपट घेणे कसे जमते?

दुर्बिणीच्या नाभीप्रतलात, जिथे प्रतिमा तयार होते तिथे, प्रत्येक दीर्घिकेच्या जागी एकेक प्रकाशतंतू ठेवतात. तंतूंची दुसरी टोके वर्णपटमापकाच्या चिरेवर (अरुंद फटीवर) ओळीने लावलेली असतात.

न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट वेधशाळेच्या २.५ मीटरच्या दुर्बिणीवर स्लोन सर्वेक्षणाने वर्षानुवर्षे ॲल्युमिनियमच्या तबकड्या वापरल्या. आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी तबकडी, तिच्यात दीर्घिकांच्या जागी पाडलेली ६४० भोके, आणि त्या भोकांत हाताने खोवलेले तंतू. पुढच्या टप्प्यात भोकांची संख्या १,००० झाली.

ॲरिझोनातील किट पीकवरच्या ४ मीटर मेयल दुर्बिणीवरचे डेझी (DESI) हे उपकरण या बाबतीत फार पुढे गेले आहे. त्यात ५,००० तंतू आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा छोटा रोबो. शेजारच्या रोबोंच्या केंद्रांतले अंतर १०.४ मिलिमीटर. प्रत्येक रोबोत दोन मोटरी असतात आणि त्यांच्या साह्याने तो ६ मिलिमीटर त्रिज्येत तंतू कुठेही नेऊ शकतो. तंतूचा गाभा १०७ मायक्रॉनचा, म्हणजे आकाशावर जेमतेम दीड विकला. दीर्घिकेचा प्रकाश एवढ्याशा जागेत पडायला हवा.

क्रम असा असतो. दुर्बीण नव्या जागी वळते. रोबो आधी अंदाजाने हलतात. मग तंतूंमध्ये उलट दिशेने प्रकाश सोडून एक कॅमेरा त्यांचा फोटो घेतो, नेमकी चूक मोजतो आणि रोबो पुन्हा थोडेसे हलून ती दुरुस्त करतात. हे सगळे दोनेक मिनिटांत उरकते, तेही मागच्या छायाचित्रणाचा डेटा वाचला जात असतानाच. त्यानंतर प्रकाश १० वर्णपटमापकांकडे जातो. प्रत्येकात निळा, लाल आणि अवरक्ताजवळचा असे तीन भाग असतात आणि ते मिळून ३६० ते ९८० नॅनोमीटरचा पट्टा व्यापतात.

सगळे तंतू दीर्घिकांवर लावून चालत नाही. काही शे तंतू मुद्दाम रिकाम्या आकाशावर ठेवतात, कारण अंधुक दीर्घिकेपेक्षा रात्रीचे आकाशच कितीतरी अधिक उजळ असते आणि ते वजा केल्याशिवाय काही दिसत नाही. आणखी काही तंतू ज्ञात तेजाच्या ताऱ्यांवर ठेवतात, म्हणजे उपकरणाने आणि वातावरणाने किती प्रकाश खाल्ला याचा हिशेब लागतो.

कोणत्या दीर्घिका निवडायच्या, हे कोण ठरवते?

वर्णपट घेण्याच्या आधी त्या भागाचे वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून फोटो घेतलेले असतात. दीर्घिकेचे तेज आणि रंग पाहून तिची अंदाजे रेडशिफ्ट कळते आणि त्यावरून यादी बनते. डेझीने चार प्रकार निवडले. चांदण्या रात्रींसाठी जवळच्या, तेजस्वी दीर्घिका. सुमारे ०.४ ते १.१ रेडशिफ्टसाठी मोठ्या लाल दीर्घिका. साधारण १.६ पर्यंत तारे घडवणाऱ्या दीर्घिका. त्याहून दूर क्वेसार, म्हणजे केंद्रातल्या कृष्णविवरामुळे अतितेजस्वी दिसणारी दीर्घिकांची केंद्रे.

१.६ ही मर्यादा कुठून आली? ऑक्सिजनची जोडी त्या रेडशिफ्टला ९७० नॅनोमीटरजवळ पोहोचते आणि उपकरण ९८० वर संपते. त्यापुढे रेषाच हातातून निसटते. नकाशाची हद्द कित्येकदा अशी काचेवर आणि सिलिकॉनवर ठरते, हे निष्कर्ष वाचताना ध्यानात असू द्यावे.

२.१ च्या पुढे वेगळी युक्ती आहे. दूरच्या क्वेसारचा प्रकाश वाटेतल्या हायड्रोजन वायूतून येताना प्रत्येक ढग आपली शोषणरेषा त्यावर उमटवतो. एकाच क्वेसारच्या वर्णपटात अशा शेकडो रेषा असतात. त्यामुळे दीर्घिका न दिसताही त्या दिशेच्या वायूचा नकाशा मिळतो.

रेडशिफ्ट मोजताना काय काय बिघडते?

बरेच काही. सर्वांत मोठा त्रास आकाशाचा. वरच्या वातावरणातले हायड्रॉक्सिल रेणू ७०० नॅनोमीटरच्या पुढे असंख्य प्रखर रेषा देतात. त्या नीट वजा झाल्या नाहीत तर उरलेला अवशेष दीर्घिकेच्या रेषेसारखा दिसतो. ५५७.७ नॅनोमीटरवरची ऑक्सिजनची हिरवी रेषा तशीच. एखाद्या यादीत ठरावीक रेडशिफ्टला दीर्घिकांची अनपेक्षित गर्दी दिसली, तर ती रेडशिफ्ट कोणत्या आकाशरेषेशी जुळते ते आधी तपासावे.

दुसरी चूक लहान, पण हटकून होणारी: हवेतली आणि निर्वातातली तरंगलांबी यांची गल्लत. दोन्हींत सुमारे ०.०२८ टक्के फरक असतो; वेगात तो ८० किलोमीटर प्रतिसेकंदाहून जास्त भरतो. स्लोन आणि डेझी निर्वातातले आकडे वापरतात, जुन्या तक्त्यांत बहुधा हवेतले असतात. तसेच पृथ्वी सूर्याभोवती सुमारे ३० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने फिरते, त्याची दुरुस्ती केलेली आहे का, हेही पाहावे.

तिसरी अडचण भौमितिक आहे. दोन दीर्घिका फार जवळ असतील तर दोन तंतू तिथे एकाच वेळी मावत नाहीत. स्लोनच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर ही मर्यादा ५५ विकलांची होती. त्यामुळे नेमक्या दाट समूहांतल्या दीर्घिका यादीतून गळतात आणि समूह आहेत त्यापेक्षा विरळ दिसतात. उपाय म्हणजे त्याच भागावर पुन्हा पुन्हा वेगवेगळी मांडणी लावणे. जे तरीही सुटते त्याची भरपाई गणितात वजन देऊन करतात.

वर्णपट न घेता, नुसत्या रंगांवरून रेडशिफ्ट काढता येत नाही का?

येते, आणि अब्जावधी दीर्घिकांसाठी दुसरा मार्गही नाही. चार-सहा गाळण्यांतून मोजलेल्या तेजावरून वर्णपटातली घट कोणत्या गाळणीत पडली हे कळते. पण अचूकता काही टक्क्यांचीच राहते. वर्णपटाने येणारी चूक याच्या कित्येक पट लहान असते. शिवाय काही वेळा घोटाळा मोठाच होतो: जवळच्या दीर्घिकेतली ४०० नॅनोमीटरजवळची घट आणि फार दूरच्या दीर्घिकेतली अतिनील भागातली हायड्रोजनची घट रंगांत सारखीच दिसू शकते. मग रेडशिफ्ट ०.३ ची दीर्घिका ३ ची ठरते. अवरक्त गाळण्यांची जोड दिली की हा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

‘यादृच्छिक यादी’ म्हणजे काय? खोट्या दीर्घिका कशाला बनवायच्या?

समजा, नकाशात एक मोठी रिकामी जागा दिसली. ती खरोखरची पोकळी असेल किंवा तिथे एखादा तेजस्वी तारा असेल ज्याच्या झगमगाटात मागचे काही दिसले नाही. आपल्याच आकाशगंगेची धूळ आड आली असेल, त्या रात्री हवा खराब असेल, किंवा त्या भागातले काही रोबो बंद असतील. हे वेगळे करण्यासाठी संगणकात असे बिंदू विखुरतात, ज्यांना कोणतीही रचना नाही, पण ज्यांना सर्वेक्षणाच्या सगळ्या मर्यादा तशाच्या तशा लागू आहेत. तीच सीमा, तीच भोके, तीच खोली. हीच यादृच्छिक (रँडम) यादी. तिच्यातल्या बिंदूंची संख्या खऱ्या दीर्घिकांच्या अनेक पट ठेवतात.

मग तीन प्रकारच्या जोड्या मोजतात: खरी-खरी, खरी-यादृच्छिक, यादृच्छिक-यादृच्छिक. दिलेल्या अंतरावर खऱ्या जोड्या किती जास्त आहेत, ते यातून निघते. १९९३ साली मांडलेले लँडी-सॅले सूत्र अजूनही याच कामासाठी वापरतात. आमच्या मते संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे. यादृच्छिक यादीत धुळीचा परिणाम जरा चुकला, की धुळीचा आराखडाच विश्वाची रचना म्हणून छापला जातो.

४९ कोटी प्रकाशवर्षांच्या त्या ‘मोजपट्टी’बद्दल सगळे बोलतात. ती कुठून आली?

महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षे विश्व तप्त आयनीभूत वायूने भरलेले होते. प्रकाश आणि पदार्थ एकमेकांत अडकलेले होते. जिथे घनता थोडी जास्त होती तिथून दाबाच्या लाटा बाहेर निघाल्या. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होता. विश्व थंड होऊन अणू बनले, प्रकाश सुटला आणि लाटा जागच्या जागी थांबल्या. तोवर त्यांनी कापलेले अंतर विश्वाच्या प्रसरणाबरोबर ताणले जाऊन आज सुमारे १५ कोटी पार्सेक, म्हणजे ४९ कोटी प्रकाशवर्षे झाले आहे. त्या अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या अपेक्षेपेक्षा किंचित जास्त सापडतात.

‘किंचित’ म्हणजे शेकडा एकाच्या आसपास. म्हणून तर प्रचंड घनफळ आणि लाखो दीर्घिका लागतात. लहान नकाशात जोड्यांच्या आलेखातला हा उंचवटा आकड्यांच्या यादृच्छिक चढउतारांत हरवतो. २००५ साली स्लोन आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲंग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीवरचे टूडीएफ, या दोन सर्वेक्षणांनी तो स्वतंत्रपणे दाखवला.

या लांबीचे मोल असे, की तिची खरी किंमत पार्श्वभूमी प्रारणाच्या (अणू बनल्यावर सुटलेल्या त्याच प्रकाशाच्या) अभ्यासातून स्वतंत्रपणे माहीत आहे. निरनिराळ्या रेडशिफ्टला ती आकाशावर किती अंशांची दिसते हे मोजले, की त्या त्या काळी विश्व किती पसरले होते ते थेट मिळते. गुरुत्वाकर्षणाने दीर्घिका मूळ जागेपासून काही कोटी प्रकाशवर्षे सरकलेल्या असतात आणि उंचवटा बोथट होतो. भोवतालच्या घनतेवरून ती हालचाल ओळखून दीर्घिकांना गणितात मागे नेतात, तेव्हा तो पुन्हा धारदार होतो.

नकाशांत पृथ्वीकडे रोखलेल्या लांबट बोटांसारख्या रेघा दिसतात. त्या खऱ्या आहेत का?

नाहीत. दीर्घिकासमूहात दीर्घिका सुमारे १,००० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने इकडेतिकडे फिरत असतात. हा वेग रेडशिफ्टमध्ये मिसळतो आणि आपण तो अंतर समजून बसतो. गोलसर समूह मग आपल्या दिशेने ताणलेला दिसतो. मोठ्या प्रमाणावर उलटे घडते: पदार्थ दाट भागाकडे कोसळत असल्याने रचना चपट्या दिसतात. निकोलस कायझर यांनी १९८७ मध्ये याचे गणित मांडले. ही विकृती काढून टाकण्यापेक्षा मोजणे अधिक फायद्याचे, कारण तिच्यावरून गुरुत्वाकर्षण रचना किती वेगाने वाढवते ते कळते आणि सामान्य सापेक्षतेची चाचणी होते.

कृष्ण ऊर्जा बदलते आहे, हे सिद्ध झाले का?

सिद्ध झालेले नाही. डेझीने एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या वर्षाचे आणि मार्च २०२५ मध्ये पहिल्या तीन वर्षांचे निष्कर्ष दिले; दुसऱ्या खेपेत १.४ कोटींहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार होते. एकट्या डेझीचा डेटा स्थिर कृष्ण ऊर्जेशी जुळतो. पार्श्वभूमी प्रारण आणि अतिनवताऱ्यांची (सुपरनोव्हांची) मोजमापे जोडली की बदलत्या कृष्ण ऊर्जेकडे कल दिसतो. कोणते अतिनवतारे घेतले यानुसार तो २.८ ते ४.२ सिग्मा भरतो (सिग्मा जितके जास्त, तितकी तो योगायोग असण्याची शक्यता कमी). शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात. आणि संच बदलल्यावर आकडा इतका हलतो, ही गोष्टच सावध राहायला पुरेशी आहे.

अशा निष्कर्षांत एक शिस्त पाळली जाते. विश्लेषणाची पद्धत पक्की होईपर्यंत खऱ्या आकड्यांत मुद्दाम अज्ञात फेरफार करून ठेवतात, म्हणजे अपेक्षित उत्तर येईपर्यंत पद्धत घासत बसण्याचा मोह राहत नाही.

जमिनीवरून जमत असेल तर युक्लिडसारखी दुर्बीण अवकाशात का पाठवली?

दोन कारणे. अवकाशात हायड्रॉक्सिलच्या रेषा नाहीत, त्यामुळे अवरक्तात सरकलेली एच-अल्फा रेषा मोकळेपणाने दिसते. आणि वातावरणाची थरथर नसल्याने दीर्घिकांचे आकार नेमके मोजता येतात. न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या गुरुत्वाने प्रकाश वाकल्यामुळे (गुरुत्वीय भिंगामुळे) त्या आकारांत येणारी अगदी सूक्ष्म विकृती पाहायची असेल तर हे आवश्यक आहे. १ जुलै २०२३ ला सुटलेल्या युक्लिडचा आरसा १.२ मीटरचा आहे आणि ६ वर्षांत तिने सुमारे १४,००० चौरस अंश पाहायचे आहेत.

तिच्यात तंतू नाहीत. संपूर्ण दृश्याचाच प्रकाश पसरवला जातो, म्हणून शेजारच्या दीर्घिकांचे वर्णपट एकमेकांवर चढतात. ते सोडवण्यासाठी पसरवण्याची दिशा बदलून तोच भाग अनेकदा घेतात. चिलीतली रुबिन वेधशाळा मात्र वर्णपट घेतच नाही, ८.४ मीटरचा आरसा आणि ३.२ अब्ज पिक्सेलचा कॅमेरा यांच्या जोरावर ती सहा गाळण्यांतून फोटो घेते.

नकाशात मधोमध पंख्याच्या आकाराची रिकामी जागा का असते?

आपल्या आकाशगंगेची चकती तिथे आड येते. धूळ दृश्य प्रकाश अडवते. त्या पट्ट्यात अवरक्त आणि रेडिओ लहरींनी काही दीर्घिका सापडतात, पण विश्वरचनेच्या हिशेबासाठी तो भाग सरळ वगळतात.

घरच्या संगणकावर स्वतः असा नकाशा काढता येईल का?

नक्कीच, आणि एका संध्याकाळी होण्याजोगे काम आहे. स्लोनचा आणि डेझीच्या पहिल्या प्रकाशनाचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. २०१७ मध्ये भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केलेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा ‘सरस्वती’ महासमूह स्लोनच्या डेटातूनच सापडला.

सुरुवातीला स्लोनच्या स्कायसर्व्हरवर एसक्यूएल क्वेरी लिहून वर्णपटांच्या तक्त्यातून विषुवांश, क्रांती आणि रेडशिफ्ट हे तीन रकाने मागवा. अटी अशा घाला: वर्ग ‘दीर्घिका’ असावा, इशाऱ्याची खूण शून्य असावी, विषुवांश १३० ते २४० अंश, क्रांती उणे २ ते अधिक २ अंश, रेडशिफ्ट ०.०१ ते ०.१२. पायथनमध्ये रेडशिफ्टचे अंतर करा. ॲस्ट्रोपाय या संचात त्याचे तयार फलन आहे. अंतर गुणिले विषुवांशाचा कोसाइन हा क्ष, अंतर गुणिले साइन हा य. अंश रेडियनमध्ये बदलायला विसरू नका. चित्रात नुसता गोंधळ दिसला तर दहातल्या नऊ वेळा कारण तेच असते. बिंदू शक्य तितके लहान ठेवा, नाहीतर दीर्घिकांच्या जाळ्यातले धागे एकमेकांत मिसळून जातात.

काप जाड घेऊ नका. क्रांतीचा पट्टा २० अंशांचा केला तर वेगवेगळ्या रचना एकावर एक पडतात आणि जाळे पुसले जाते. रेडशिफ्ट ०.०८ च्या आसपास आडवी पसरलेली दाट पट्टी दिसेल, ती स्लोन ग्रेट वॉल. २००३ मध्ये मोजली तेव्हा तिची लांबी १३७ कोटी प्रकाशवर्षे भरली होती.

बाहेरच्या कडेला बिंदू विरळ होत जातात, त्यावरून दूर दीर्घिका कमी आहेत असे समजू नका. ठरावीक तेजापर्यंतच्याच दीर्घिका घेतलेल्या असल्याने दूरच्या भागातल्या फक्त तेजस्वी दीर्घिका यादीत उरतात. खरी घनता पाहायची असेल तर एक निरपेक्ष तेज (अंतराचा परिणाम वजा करून उरणारे खरे तेज) ठरवा, जे तुमच्या सर्वांत दूरच्या अंतरावरही दिसेल, आणि त्याहून मंद दीर्घिका जवळच्या भागातूनही काढून टाका. बिंदू बरेच कमी होतील, पण जे उरतील त्यांची तुलना करता येईल.